सिस्टिम३२मध्ये हात घालायचाच असेल तर

फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात अडॅप्टर जळतात, ओलीनं कीबोर्ड चिकटतात. ती दुखणी सरळ. अवघड गिऱ्हाईक ते, जे मशीन टेबलावर ठेवता ठेवता म्हणतं, "बाई, मी काहीच केलं नाही. फक्त एक फाइल डिलीट केली."

ती फाइल बहुधा सिस्टिम३२मधली, म्हणजे विंडोज ज्यांच्यावर चालतं त्या फायलींच्या फोल्डरातली. मी हसत नाही. २००२ साली म्हापशाला एका सायबर कॅफेत कामाला होते, तेव्हा मैत्रिणीचा मेल आला: तुमच्या मशीनमध्ये जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई नावाचा व्हायरस असेल, त्याचं चिन्ह टेडी अस्वल, दिसला की उडवा आणि सगळ्यांना कळवा. शोधलं तर खरंच करडं अस्वल! आठही मशीनवरून उडवलं. ती मायक्रोसॉफ्टचीच फाइल होती, जावा प्रोग्रामिंगवाल्यांच्या उपयोगाची, आणि तो मेल म्हणजे जगभर फिरलेली थाप. आमच्याकडे कोण जावा लिहिणार? काहीच बिघडलं नाही. तेच वाईट झालं, हात सोकावला.

चार वर्षांनी मामाच्या घरी. मामा जत्रेतल्या नाटकांच्या संहिता टाइप करून द्यायचा. त्याच्या विंडोज एक्सपीवर मी लपवलेल्या फायली उघड केल्या आणि सी ड्राइव्हमधला 'कचरा' काढला. त्या कचऱ्यात एनटीएलडीआर होती. मशीन रात्री अकरापर्यंत छान चाललं. सकाळी चालू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: एनटीएलडीआर इज मिसिंग. ही फाइल लागते फक्त मशीन सुरू होताना. एकदा सुरू झालं की तिची आठवणही होत नाही. मामा बोलला काही नाही, चहाचा कप घेऊन सोप्यावर जाऊन बसला. एक्सपीच्या सीडीतून ती फाइल परत आणेपर्यंत जेवणवेळ टळून गेली होती.

तेव्हा बदल केलात की रीस्टार्ट करून बघा, तेही हाताशी वेळ असताना. रात्री बदल करून झोपायला जाऊ नका. रीस्टार्ट होईपर्यंत 'चालतंय की' म्हणण्यात अर्थ नाही.

आता मुळात विंडोजच्या फायलींत हात घालायची गरज आहे का, ते बघू. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं तीन कारणांनी तिथं पोचलेली असतात.

पहिलं, जागा संपली. ३२ जीबीचे स्वस्त लॅपटॉप ज्यांनी घेतले त्यांचं हे रडगाणं. विंडोज फोल्डर उघडतात, त्यात विनएसएक्सएस नावाचं गलेलठ्ठ फोल्डर दिसतं आणि हात शिवशिवतात. त्याचा आकार फसवा आहे. त्यातल्या पुष्कळ फायली आणि सिस्टिम३२मधल्या फायली या डिस्कवरच्या एकाच मालाला दिलेली दोन नावं असतात; एक्सप्लोरर तोच माल दोनदा मोजतो. शिवाय अपडेट आणि दुरुस्ती दोन्हींचा साठा तिथंच. त्याला हात लावू नका. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स असं जाऊन साफसफाई करा. फक्त यादीत डाउनलोड्सवर टिक नाही ना, ते बघून घ्या. हायबरनेट, म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून मशीन बंद करण्याची सोय, वापरत नसाल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडून 'पॉवरसीएफजी', मोकळी जागा, तिरकी रेघ आणि लगेच 'एच', पुन्हा मोकळी जागा, 'ऑफ' असं टाइप करा. हायबरफिल नावाची काही जीबींची फाइल आपसूक जाते.

दुसरं, 'डीएलएल सापडत नाही'. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी फाइल. मुलगा गेम टाकतो, व्हीसीरनटाइम१४० नाही अशी पाटी येते, आणि तो कुठल्या तरी फुकट्या साइटवरून ती एकच फाइल उतरवून सिस्टिम३२मध्ये टाकतो. तिच्यात काय भरलंय देव जाणे. वर गंमत अशी की ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिट फायली असतात आणि ३२ बिटवाल्या सिसवाऊ६४मध्ये. नाव ठेवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. त्यामुळे फाइल खरी असली तरी चुकीच्या घरात जाते. उपाय साधा: मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, एक्स६४ आणि एक्स८६ दोन्ही, आणि इन्स्टॉल करा.

तिसरं, व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, केलेली कारागिरी. ती करायचीच तर ज्या 'की'मध्ये (रजिस्ट्रीतल्या कप्प्यात) बदल करणार तिच्यावर उजवं क्लिक, एक्सपोर्ट, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर. अर्ध्या मिनिटाचं काम, पण दहातले नऊजण करत नाहीत.

एवढं करूनही फाइल बदलावीच लागणार असेल, तर आधी परतीची वाट बांधा. फोटो, हिशेब, संहिता बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला मागे नेता येईल अशी खूण, बनवा. त्यासाठी लागणारं सिस्टिम प्रोटेक्शन कित्येक मशीनवर बंदच असतं, आधी चालू करा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलेशन मीडिया, म्हणजे विंडोज नव्यानं टाकायचा संच, तयार ठेवा. आणि बिटलॉकरची (डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. नवीन लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट आहे हेच लोकांना माहीत नसतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलनं जगातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली, तेव्हा सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतं सुरू करून) जाऊन ती फाइल हातानं उडवणं हा मुख्य उपाय होता. सिस्टिम३२च्या आतली फाइल, आणि उडवा असं कंपनीच सांगत होती! पण डिस्क एन्क्रिप्ट असेल तर आधी ती की हवी.

मूळ फाइल डिलीट करू नका, तिचं नाव बदला, शेवटी '.जुनी' लावा. 'ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी हवी' अशी पाटी आली तर थांबा. ट्रस्टेडइन्स्टॉलर म्हणजे विंडोजच्या फायलींची मालकी असलेलं विंडोजचंच खातं. ती कटकट नव्हे, कुंपण आहे. मालकी घ्यायचीच तर त्या एका फाइलपुरती घ्या आणि काम झालं की ट्रस्टेडइन्स्टॉलरला परत द्या. अख्ख्या विंडोज फोल्डरची मालकी आपल्या नावावर केलेला एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता. फायली सगळ्या जागेवर, पण परवानग्यांचा पार खिचडा. दोन दिवस झगडले आणि शेवटी नवीन विंडोज टाकलं.

बिघडलंच, तर फॉरमॅट सर्वात शेवटी. विंडोज सुरू होत असेल तर अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिझम या विंडोजच्याच दुरुस्तीच्या हत्याराची रिस्टोअरहेल्थ कमांड चालवा, इंटरनेट जोडलेलं ठेवून. मग सिस्टिमच्या फायली तपासून दुरुस्त करणारी एसएफसी स्कॅननाऊ. क्रम महत्त्वाचा. एसएफसी चांगली फाइल ज्या साठ्यातून आणतं, तो साठा डिझम दुरुस्त करतं. सुरूच होत नसेल तर चालू होता होता पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोनतीनदा केलं की रिकव्हरीचा निळा पडदा येतो. तिथं स्टार्टअप रिपेअर आणि सिस्टिम रिस्टोअर करून बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये गेलात तर एक ध्यानात ठेवा: तिथं तुमचा सी ड्राइव्ह डी किंवा ई झालेला असू शकतो. आधी 'डीआयआर'पुढे मोकळी जागा, ड्राइव्हचं अक्षर आणि विसर्ग (:) असं एकेका ड्राइव्हसाठी टाइप करून तुमचं विंडोज फोल्डर कुठं आहे ते पाहा. सी वर भलतीच कमांड चालवून मग रडत आलेले मी पाहिलेत.

आणि हे सगळं करताना लॅपटॉप चार्जरला लावलेला, डेस्कटॉप यूपीएसवर. आमच्याकडे जुलैत वीज विचारून जात नाही.

दुकानात आणायची वेळ आली तर पडद्यावरच्या पाटीचा फोटो मोबाइलवर घेऊन या, आणि कुठली फाइल हलवली ते खरं सांगा. मामा अजून माझ्यासमोर मशीन उघडताना म्हणतो, "बघ हां, पण माउस माझ्याकडे राहू दे."