जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्याची तयारी

जर्मनीत पोहोचल्यावर पहिले काही आठवडे घर, बँक, ऑफिस यांतच निघून जातात. खरा धक्का ऑक्टोबरअखेर बसतो. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचारचा होतो. संध्याकाळी ६ ला काम आटोपून घरी फोन लावावा, तर तिकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. डिसेंबरात बर्लिनमध्ये ४ च्या आधीच सूर्य मावळतो आणि रविवारी दुकानं बंद असतात. म्हणून पुढची कामं सप्टेंबरातच उरका.

आधी टपालपेटी. घरात राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. साधा भाडेकरार पुरत नाही. त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर पासपोर्टवरचं आडनाव लावा. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन हे सगळं टपालानेच येतं. कर क्रमांक वेळेत दिला नाही, तर पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त, कर कापला जाऊ शकतो. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं तर फसवणूक समजून फेकू नका. टीव्ही नसला तरी महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात. मात्र एका घराला एकदाच, माणशी नाही.

शेजाऱ्याची चिठ्ठी दारावर दिसली की नवख्याला वाटतं, आपण इथे नकोसे आहोत. बहुतेक वेळा तसं नसतं. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते, रविवारी दिवसभर. मिक्सर, ड्रिल, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणं, हे तेव्हा नको. चिठ्ठी आली तर दार वाजवून एकदा थेट बोला. इथे तक्रार सरळ सांगतात आणि मिटली की ती सहसा तिथेच संपते.

फोडणीचा प्रश्न वासापुरता नाही. बऱ्याच भाड्याच्या घरांतली चिमणी हवा बाहेर फेकत नाही, गाळून पुन्हा खोलीतच सोडते. कुकरची वाफ थंड भिंतीवर जमते आणि बुरशी धरते. मग घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होतो. स्वयंपाक झाला की लगेच, शिवाय सकाळ-संध्याकाळ, हीटर बंद करून खिडक्या ५ ते १० मिनिटं सताड उघडा. दिवसभर तिरकी ठेवलेली खिडकी उलट नुकसान करते: हवा नीट बदलत नाही, भिंत मात्र गार पडते.

माणसं जोडायला इथे ठरलेला वार लागतो. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत. गणपतीला जरूर जा. पण सण वर्षातून मोजकेच येतात. फोल्क्सहोखशूले म्हणजे प्रौढांसाठीच्या शिक्षणकेंद्रातला भाषेचा वर्ग किंवा बॅडमिंटनचा फेराइन, म्हणजे क्लब, दर आठवड्याला भेटतो. तीच माणसं, तीच वेळ, असं काही महिने चाललं की कुणीतरी घरी कॉफीला बोलावतं. तोवरचा अलिप्तपणा अपमान मानू नका.

झोप उडाली, कशातच मन लागेना आणि २ आठवडे असंच चाललं, तर हाउसआर्ट्स्ट म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे जा. दवाखाना बंद असेल तर ११६११७, जिवावर बेतलं असेल तर ११२. नुसतं कुणाशी बोलावंसं वाटलं तर ०८०० १११ ० १११ ही मोफत सेवा रात्रंदिवस चालू असते. तिथे जर्मनमध्ये बोलावं लागतं.