सागाच्या पानाची ताटली घरच्या घरी, नागपूरच्या हवेत

ही ताटली मातीची, ओल्या मातीवर पान दाबून त्याचा ठसा घ्यायचा आणि मग ती भट्टीत भाजायची. पान निवडताना सगळे आधी वरची हिरवी बाजू बघतात. पण ठसा येतो तो मागच्या बाजूचा, शिरा तिकडेच उठून असतात. म्हणून पान उलटं करून त्यावरून अंगठा फिरवा, शिरा बोटाला लागल्या की समजायचं हे चालेल. सागाचं पान मला सगळ्यात आवडतं, पण फार मोठं होतं म्हणून वीत-सव्वा वीत असलेलं कोवळं-जून मधलं घ्या. पिंपळाचं टोक सुंदर येतं पण कापताना तुटतं. पळसाची तीन पानं एकत्र ठेवून केलेली ताटली तर आपल्या विदर्भाचीच वाटते, पत्रावळी-द्रोण त्याच्यावरच जेवलोय न आपण. एक लक्षात ठेवा, मार्चनंतर साग बोडका होतो, तेव्हा पळसाची नवी पालवी असते, तिच्यावर काम करा. गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या राखीव भागातून पानं तोडू नका, आपल्या कॉलनीत, मामाच्या शेतात भरपूर मिळतात. ताजं पान ताठ असतं, रात्रभर जुन्या पेपरात दाबून ठेवलं की जरा मऊ पडतं आणि नीट बसतं.

जागा फार लागत नाही. माझं काम मागच्या बंद व्हरांड्यात चालतं, एक जड टेबल, त्यावर ताणून ठोकलेला कॅनव्हास, एक लाटणं आणि ६ मिमी जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, बस. माती तयार स्टोनवेअरचीच (जास्त तापमानाला भाजायची, बॅगेत मिळते ती) घ्या, बॅग उघडली की लगेच प्लास्टिकमध्ये घट्ट बांधायची. कणकेसारखी मळून आतली हवा काढा, मग दोन पट्ट्यांच्या मधे पोळीसारखी लाटा, पण दर दोन-तीन वेळा उचलून उलटी करा, नाहीतर एकाच बाजूने ताणलेली माती भट्टीत वाकते. पान मागची बाजू खाली करून ठेवा, आणि देठाकडून टोकाकडे लाटणं एकदाच, न थांबता. परत मागे फिरवलं की ठसा दुहेरी होतो. सुरी सरळ उभी धरून कापा, ओल्या स्पंजने कडा पुसा, पेपर लावलेल्या खोल स्टीलच्या ताटात अलगद बसवा. पान जरा वेळाने काढा, एखादा तुकडा चिकटून राहिला तर खरडू नका, तो भाजताना जळून जातो.

आता खरी गोष्ट, वाळवणं. इथेच नागपूर आडवं येतं. एप्रिल-मे मधे पारा ४५ च्या आसपास आणि हवा अगदी कोरडी, त्यात आपण कूलर लावतो, त्याचा झोत एका कडेवर बसला की ती कड आधी आकसते आणि मधला भाग ओला राहतो, मग ताटली चिरते किंवा वाकते. माझ्या सुरुवातीच्या सहा ताटल्या अशाच गेल्या आणि फार वाईट वाटलं होतं, कारण ठसे अप्रतिम आले होते. म्हणून उन्हाळ्यात पहिले दोन दिवस प्लास्टिक पूर्ण झाकून, मग रोज थोडं उघडायचं, कडांवर मात्र ओलसर फडकं ठेवायचं, आठवडा लागला तरी चालेल. पावसाळ्यात उलटं, बाहेरून कोरडी दिसते पण हात लावला की गार लागते, म्हणजे आत पाणी आहे. अशी भट्टीत टाकली की वाफेने फुटते आणि शेजारच्या ताटल्यांनाही घेऊन जाते. गालाला लावून बघा, गार वाटली तर अजून थांबा, आणि भट्टी ९० अंशांवर काही तास धरून मगच पुढे न्या.

भट्टी घरी नसेल तर दुसऱ्याच्या भट्टीत जागा भाड्याने घ्या. स्वतःची इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला लोड तपासायला सांगा, वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (जास्त लोड आला की वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि खोली हवेशीर. पहिली भाजणी साधारण १००० अंशांपर्यंत, ६०० पर्यंत तरी सावकाश, कारण मातीतलं बांधलेलं पाणी तोपर्यंत निघत असतं आणि ५७३ ला त्यातला क्वार्ट्झ (वाळूतलं खनिज) एकदम फुगतो. मग लाल आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून ठशावर लावा आणि ओल्या स्पंजने पुसून टाका, शिरांमध्ये तेवढं राहतं आणि पान जिवंत दिसायला लागतं. त्यावर पातळ पारदर्शक, शिसं नसलेलं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), बूड मात्र मेण लावून कोरडं ठेवा, नाहीतर भट्टीतल्या शेल्फला चिकटते. दुसरी भाजणी मातीच्या बॅगवर लिहिलेल्या तापमानाप्रमाणे, स्टोनवेअरला बहुतेक १२०० च्या वर जाते. माती १० ते १२ टक्के आकसते, म्हणजे २५ सेंमी हवी असेल तर २८ ची कापा.

आणि कोरडा झाडू कधीच मारू नका, मातीच्या धुळीत सिलिका असते ती फुफ्फुसात बसते, लहान मुलं घरात असतील तर विशेष. ओल्या फडक्याने पुसा. हात बेसिनमध्ये न धुता बादलीत धुवा, खाली बसलेला गाळ वाळवून परत मळता येतो.

मातीकामाचा हात बघायचा असेल तर गणपतीच्या आधी नागपुरातल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीत एक चक्कर मारा, किंवा चंद्रपूरच्या रस्त्यावर भद्रावतीला ग्रामोदय संघ या मातीकामाच्या संस्थेत जा. तिथे तास-दोन तास नुसतं उभं राहून बघा, माती किती ओली ठेवतात, कुठे झाकतात, कुठे उघडतात ते.