वेडर्स घेताना आधी पायांकडे बघा

न्यूझीलंडमध्ये हिवाळा सुरू झाला की टाउपो सरोवरातले रेनबो ट्राउट मासे अंडी घालायला तोंगारिरो नदीत चढू लागतात, आणि मला ओळखीच्यांचे फोन येतात, "ताई, वेडर्स कुठले घेऊ?" वेडर्स म्हणजे नदीत उभं राहून मासे धरताना पावलांपासून छातीपर्यंत चढवायची, पाणी आत न येऊ देणारी विजार. दुकानात सगळी चर्चा कापडाची चालते. मी मात्र बुटांपासून सुरुवात करायला सांगते, कारण शेवाळलेल्या गोट्यांवर ओढीच्या पाण्यात तुम्हाला उभं ठेवतात ते बूटच.

बूट जोडलेले वेडर्स घालायला सोपे, पण घोट्याला आधार कमी देतात. तोंगारिरोसाठी बुटांऐवजी मोजे जोडलेले घ्या आणि बूट वेगळे. हा मोजा निओप्रीनचा, म्हणजे फेसाळ रबराचा, जाड असतो, त्याच्या आत आपला लोकरी मोजाही येतो. म्हणून दोन्ही चढवूनच बूट घालून बघा. बहुतेकांना नेहमीपेक्षा एक नंबर मोठा लागतो. बोटं हलली पाहिजेत. बोटं आवळली की पाय गार पडलाच म्हणून समजा.

तळ रबराचा घ्या, त्यात टंगस्टनचे खिळे बसवून. फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचा, तळ पकड छान देतो, पण इथे २००८ पासून त्यावर बंदी आहे. २००४ साली दक्षिण बेटावरच्या नदीत डिडिमो नावाचं शैवाल सापडलं. फेल्ट लवकर वाळत नाही, त्या ओलीतून शैवालाच्या पेशी दुसऱ्या नदीत पोचू शकतात. तेव्हा परदेशातून कुणाचे जुने बूट आणू नका, आणि वापरलेलं कुठलंही सामान आणलंच तर विमानतळावर जाहीर करा.

आता कापड. नदीकाठाने चालत जागा बदलणार असाल तर घामाची वाफ बाहेर सोडणारं, हलकं कापड. ते स्वतः ऊब देत नाही. आत लोकरी किंवा फ्लीसची विजार हवी, जीन्स अजिबात नको. वाइताहानुई नदी सरोवराला मिळते तिथे, तिच्या मुखाशी, रात्री तासन् तास एका जागी उभं राहायचं असेल तर मात्र ५ मिमी निओप्रीनच बरं. ते घालून चालायला लागलात की घामाने आतून ओले व्हाल.

माप घेताना ती आतली विजार घालूनच दुकानात जा. उकिडवे बसा, एक पाय खुर्चीवर ठेवा. जांघेत ओढ बसली तर तिथली शिवण पुढे उसवणारच. उलट घोट्याशी कापडाच्या वळ्या पडल्या तर त्या घासून भोकं पडतात. आपल्याकडच्या बुटक्या, रुंद बांध्याला 'शॉर्ट' लिहिलेलं माप मागावं लागतं. मागितल्याशिवाय ते पुढे येत नाही. बायकांनी बायकांचाच कट घ्यावा, आणि परवडत असेल तर पुढे चेन असलेला. दिवसभर नदीवर असताना त्या चेनचं मोल कळतं. ती महाग असते, तिला अधूनमधून वंगण द्यावं लागतं, तरीही मी तीच सुचवते.

कमरेचा पट्टा वेडर्सबरोबरच मिळतो आणि तो सैल ठेवणारे बघितले की मला राहवत नाही. घट्ट आवळा! पडलात तर पाणी पायांत भरायला वेळ लागतो. भरलेले वेडर्स तुम्हाला तळाला ओढत नाहीत, पण काठावर चढताना ते पाणी उचलून न्यावं लागतं, आणि तिथेच माणूस थकतो. वाहून जाऊ लागलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला.

पैसे मोजकेच असतील तर वेडर्स मधल्या किमतीचे घ्या, बूट चांगले. श्वास घेणाऱ्या कापडाला बारीक भोक पडलं तर वेडर्सची आतली बाजू बाहेर काढून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. गळतीच्या जागी गडद ठिपका उमटतो. तिथे वेडर्ससाठी मिळणारा लवचिक गोंद लावा आणि रात्रभर सुकू द्या.