अंतराळात सोल्डर मारायचं तर

भुसावळला माझ्याकडे यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यांतले मोटारीचे ऑटो-स्विच येतात. बहुतेकांत दुखणं एकच: ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न जुळलेला सांधा. शिकायला येणाऱ्या पोरांना मी हेच काम अंतराळ स्थानकावर कसं करावं लागेल ते सांगत बसतो. ते ज्याला कळलं, त्याचा इथला सांधाही सुधारतो.

इथे बिट (सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक) टेकवला, सोल्डरची, म्हणजे सांधणाऱ्या मऊ धातूची, तार लावली की तारेतल्या राळेचा धूर वर जातो. वितळलेल्या सोल्डरमधले बुडबुडेही वर येऊन फुटतात. सोल्डर जड, वायू हलका, म्हणून हे घडतं. वजनच नसेल तर बुडबुड्याला वर ढकलणारं कोणी नाही. 2004 मध्ये अमेरिकी अंतराळवीर माइक फिंक यांनी स्थानकावर सोल्डर वितळवून पाहिलं, तेव्हा राळेचा थेंब त्या वितळलेल्या गोळ्याभोवती गरगर फिरायला लागला. बुडबुडे आतच अडकतात. सांधा वरून चकचकीत दिसतो, आतून पोकळ.

म्हणून पहिलं काम: बोर्ड सुकवा. प्लॅस्टिकचे कनेक्टर आणि बॅटरी काढून 105 अंशांवर काही तास ठेवा. ओल राहिली तर वाफ होते, वाफेचे बुडबुडे. फ्लक्स (धातू साफ करणारी राळ) बेताचा. तार बारीक, अर्ध्या मिलिमीटरची. पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) आणि सुट्या भागाचा पाय दोन्ही एकदम तापवा, तार बिटाला नाही, समोरच्या बाजूने सांध्याला लावा. तार काढल्यावर बिट क्षणभर तसाच राहू द्या, वायूला वाट मिळते.

सोल्डर घरंगळेल ही भीती मात्र नको. दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा लहान सांध्यावर सोल्डरच्या वजनापेक्षा पृष्ठताणाचंच राज्य असतं, इथेही आणि तिथेही. चिपचे सांधे त्याहून कितीतरी लहान.

मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तरी सोल्डर मारताना आम्ही पंखा बंद ठेवतो, बिट थंड होतो म्हणून. तिथे उलट. गरम हवा वर जात नाही, धूर तोंडासमोरच साचतो. बंद पेटी आणि धूर ओढणारा पंखा लागतोच. पाय कापताना त्याला आधी टेप लावा. सुटलेला तुकडा किंवा सोल्डरचा मणी तरंगत दुसऱ्या कार्डावर जाऊन शॉर्ट करतो.

सोल्डर शिसं असलेलंच घ्या, 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं), जे 183 अंशांवर वितळतं. शुद्ध कथलाला केसासारखे धातूचे तंतू फुटतात. 1998 मध्ये गॅलेक्सी-4 उपग्रह बंद पडला, त्याचं कारण हेच तंतू मानलं जातं. त्या दिवशी अमेरिकेतले कोट्यवधी पेजर मुके झाले.

आता अणूंचं. खरा सांधा म्हणजे तांबं आणि कथील एकमेकांत मिसळून झालेला मायक्रॉनभर थर. बिट फार वेळ धरला तर तो जाड आणि ठिसूळ होतो, म्हणून वरचा ‘क्षणभर’ क्षणभरच ठेवा. एकेक अणू उचलून ठेवणं वेगळंच काम: 1989 मध्ये आयबीएमचे शास्त्रज्ञ डॉन आयगलर यांनी झेनॉनचे 35 अणू मांडले, पण त्यासाठी कडक निर्वात आणि उणे 269 अंशांच्या आसपासची थंडी लागली. निर्वात अंतराळात फुकट आहे. 1994 ते 1996 दरम्यान अमेरिकी शटलमधून तीनदा नेलेल्या वेक शील्ड या सुमारे 3.7 मीटर रुंद तबकडीच्या मागच्या सावलीत, आणखी विरळ निर्वातात, गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाचे पातळ थर अणूंच्या रांगा जुळवत वाढवले गेले. मला वाटतं, नवे सुटे भाग तिथे असेच बनतील. तुटलेला सांधा मात्र अजून बरीच वर्षं हातानेच जोडावा लागेल.

सराव असा करा. जुन्या बोर्डवर सांधे मारा आणि बारीक पॉलिश पेपरवर पाणी टाकून एकेक अर्धा घासा. भिंगाखाली धरा. राखाडी धातूत काळी भोकं दिसली तर फ्लक्स आणखी कमी करा, बोर्ड पुन्हा सुकवा, आणि भोकं जाईपर्यंत त्याच आकाराचा सांधा मारत राहा.