फिल्टर चुकीच्या ओळी देत होता: काय बदललं

नागपूरच्या संत्रा दरांच्या यादीवर हा फिल्टर लावला होता:

बाजार = 'कळमना' ऑर बाजार = 'कॉटन मार्केट' अँड दर > १०००

कळमन्याची ९०० दराची ओळ गायब. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) ती येते, कारण तिथे ऑरच्या (किंवा) आधी अँड (आणि) बांधला जातो. आमचा पार्सर (फिल्टर वाचून त्याचा अर्थ लावणारा कोड) सरळ डावीकडून उजवीकडे जात होता, म्हणजे पहिल्या दोन अटींभोवती न लिहिलेला कंस पडत होता.

प्रत्येक पातळीला वेगळं फंक्शन केलं. ऑरचं फंक्शन अँडच्या फंक्शनला बोलावतं, अँडचं नॉटच्या (नकार), नॉटचं साध्या तुलनेच्या. उघडता कंस दिसला की तुलनेचं फंक्शन परत ऑरकडे जातं. बस्स, कोण आधी बांधला जातो याचं वेगळं प्राधान्याचं कोष्टक लागतच नाही.

खरा ताप डेटाने दिला. सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) आलेला दर मजकूर असतो, आणि तुलनेच्या दोन्ही बाजू मजकूर असल्या तर '९००' हा '१०००' पेक्षा मोठा ठरतो. पहिलंच अक्षर निकाल लावतं. नंबर() (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) लावून मोकळं व्हावं, तर जावास्क्रिप्ट रिकाम्या मजकुराचा शून्य करतं आणि दर न भरलेल्या ओळी 'दर < १०००' मध्ये घुसतात! म्हणून रिकामं आधी नल (म्हणजे 'माहितीच नाही') करायचं, मग रूपांतर. तेही फाइल वाचतानाच, प्रत्येक तुलनेच्या वेळी नाही.

नलशी तुलना केली की उत्तर खरं-खोटं नको, 'अज्ञात' हवं. खोटं दिलंत तर नॉट त्याचं खरं करून टाकतो. शेवटी फक्त 'खरं' आलेल्या ओळी ठेवायच्या.