जुन्या घराचं कॉन्क्रीट आणि मिनेसोटाची थंडी : ठेकेदार बोलावण्याआधीची तयारी

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस किंवा सेंट पॉलमध्ये १९२०-३० च्या सुमाराचं घर घेतलं असेल, तर ड्राइव्हवे, पुढच्या पायऱ्या, गॅरेजची जमीन यांपैकी काहीतरी कधी ना कधी फोडून नव्याने ओतावं लागणारच. कामाचा मोसम ढोबळमानाने मे ते ऑक्टोबर, आणि चांगली माणसं वसंतातच बुक होतात. त्यामुळे तयारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ वितळायला लागला की सुरू करायची.

सगळ्यात आधी पाणी बघा. दुपारी वितळलेलं पाणी कुठे साचतं, रात्री कुठे पुन्हा गोठतं, पन्हळीचा नळ नेमका कुठे तोंड उघडतो, पायऱ्यांचा ढाळ घराबाहेर आहे की घराकडे, याचे फोटो काढून ठेवा. जूनमध्ये ठेकेदार येईल तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं आणि तुमच्या तोंडी वर्णनावर तो फक्त मान हलवतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकलो. पण इथली खरी पीडा जमिनीखाली आहे. गाळाची माती खालून पाणी ओढून घेते, त्याचे बर्फाचे थर बनतात आणि ते वरचं सगळं उचलतात. म्हणून राज्याच्या दक्षिण भागात पाया ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट खोल न्यावा लागतो. उत्तरेत ६० इंच. जुन्या घरांच्या पुढच्या पायऱ्या बऱ्याचदा वरवरच्या भरावावर बसवलेल्या असतात. घर जागचं हलत नाही, पायऱ्या दर हिवाळ्यात वर-खाली होतात, आणि मधल्या फटीतून पाणी थेट बेसमेंटच्या भिंतीवर. जो ठेकेदार हे न पाहता फूटपट्टी काढतो आणि चौरस फुटाचा भाव सांगतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा असं माझं मत.

दुसरं, जमिनीच्या पोटात काय आहे ते शोधा. नवा ड्राइव्हवे ओतल्यानंतर सांडपाण्याची लाइन फुटली तर ताजं कॉन्क्रीट फोडावं लागतं. या वयाच्या घरांत ती लाइन बहुधा भाजक्या मातीच्या नळ्यांची असते आणि सांध्यांतून झाडांची मुळं शिरलेली असतात. आधी प्लंबरकडून कॅमेरा घालून घ्या. रस्त्यापासून घरापर्यंतचा पिण्याच्या पाण्याचा नळ शिशाचा आहे का, हे पालिकेच्या पाणी खात्याकडून कळतं. तो बदलायचा असेल तर पायऱ्या आणि पायवाट त्याच्यानंतर. अंगणात जुनी तेलाची टाकी किंवा पावसाच्या पाण्याचं बुजवलेलं टाकं असण्याचीही शक्यता असते. जमीन एका जागी खचलेली दिसली किंवा भिंतीतून एखादा निरर्थक पाइप डोकावत असला, तर विचारपूस करा.

पाया चुनखडी दगडाचा असेल तर आणखी जपायचं. त्या दगडांच्या सांध्यांतला मसाला चुन्याचा असतो, मऊ असतो, आणि तो मऊ असणंच योग्य आहे. त्यावर सिमेंटचा कडक गिलावा मारला की ओल आत अडकते आणि थंडीत दगडाचे पापुद्रे सुटतात. ‘जाता जाता पायालाही सिमेंट लावून देतो’ ही ऑफर नाकारा. भरलेला मिक्सर ट्रक साधारण ३० टनांचा असतो, हेही लक्षात घ्या. अशा पायाजवळून, किंवा शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवरून तो न्यायचा नाही. मागच्या गल्लीतून माल कसा आणणार, पंपाने की ढकलगाडीने, हे आधीच विचारा. त्याचे पैसे वेगळे लागतात.

परवानग्यांचं थोडक्यात. सार्वजनिक पदपथ आणि रस्त्याची उंच कड (कर्ब) पालिकेच्या हद्दीत येतात, त्याला स्वतंत्र परवाना. सेंट पॉलच्या समिट अव्हेन्यूसारख्या वारसा क्षेत्रात घर असेल, तर पुढच्या पायऱ्यांचं रूप बदलण्याआधी वारसा समितीला विचारावं लागतं. खोदकामापूर्वी ८११ वर, म्हणजे गोफर स्टेट वन कॉलकडे, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून किमान ४८ तास आधी नोंद हवी. ही नोंद खोदणाऱ्याने करायची, सेवा फुकट आहे. मात्र ते फक्त कंपन्यांच्या लाइन दाखवतात. आधीच्या मालकाने गॅरेजपर्यंत ओढलेली वीज किंवा बागेचे फवारे त्यांच्या खुणांत येत नाहीत, त्या तुम्हीच दाखवा.

आता माणूस शोधणं. इथे एक गोम आहे, ती आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसते. मिनेसोटात फक्त एकाच प्रकारचं काम करणाऱ्याला (छपराचं काम सोडून) राज्याचा निवासी बांधकाम परवाना घ्यावाच लागत नाही, आणि गवंडीकाम-कॉन्क्रीट हा असाच एक प्रकार आहे. म्हणजे विनापरवाना कॉन्क्रीटवाला लबाड असेलच असं नाही. पण परवानाधारकाने फसवलं तर राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर रिकव्हरी फंडाकडे दाद मागता येते, विनापरवानावाल्याच्या बाबतीत ती वाट बंद. दोघांचे भाव जवळपास सारखे असतील तर मी डोळे मिटून परवानावाला घेईन. विम्याचा कागद त्याच्या हातून घेऊ नका, त्याच्या विमा एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा. त्यात कामगारांचा विमाही असायला हवा. आणि त्याने चार-पाच हिवाळ्यांपूर्वी ओतलेल्या ड्राइव्हवेचे पत्ते मागा. गेल्या उन्हाळ्यातलं काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. ‘शेजारच्या गल्लीत माल उरलाय, स्वस्तात करून देतो’ म्हणत दार वाजवणाऱ्याला आत घेऊ नका. रेडीमिक्स, म्हणजे कारखान्यातून तयार येणारं कॉन्क्रीट, उरून टिकत नाही. तरीही दारातच सही केलीच असेल, तर बहुतेक अशा सौद्यांत तीन कामकाजी दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क असतो.

कोटेशन तीन घ्या, पण एकाच कामाची. तुम्हीच एका पानावर मागणी लिहून तिघांना द्या, नाहीतर तीन आकड्यांची तुलनाच होत नाही. त्या पानावर काय हवं? जुनं फोडून नेणं कोणाकडे. खाली ‘क्लास फाइव्ह’ (पायाला घालायची लहान-मोठी मिसळ) खडी किती इंच आणि धुम्मस थराथराने होणार का. कॉन्क्रीटची जाडी: गाडीसाठी ४ इंच चालतं, पण ५ इंच केलं तर भार पेलण्याची ताकद सुमारे दीडपट होते. २० बाय ४० फुटांच्या ड्राइव्हवेला ४ इंचांत साधारण १० घनयार्ड माल लागतो, ५ इंचांत सव्वाबारा. मजुरी जवळजवळ तीच राहते. ही वाढीव रक्कम मला नेहमीच सत्कारणी लागलेली वाटते. सळई किंवा जाळी असेल तर ती ठोकळ्यांवर उचललेली हवी. जमिनीवर अंथरून पायाने तुडवलेली जाळी असून नसल्यासारखी.

मग मिश्रणाची ओळ, आणि हीच ओळ बहुतेक कोटेशनांत गायब असते. बाहेरच्या, मीठ आणि बर्फ सोसणाऱ्या कॉन्क्रीटला ४५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ताकद, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, आणि ६ टक्क्यांच्या आसपास हवा लागते. ही हवा मुद्दाम रसायन घालून सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपात मिसळलेली असते. गोठणाऱ्या पाण्याला फुगायला त्यामुळे जागा मिळते. ती नसेल तर दोन-तीन हिवाळ्यांत वरचा थर पापडासारखा सुटतो. ‘आम्ही नेहमी चांगलाच माल वापरतो’ हे उत्तर नव्हे. आकडे लिहून घ्या.

याच ठिकाणी आपल्या सवयी आड येतात. आपल्याला कोबा घोटलेला, आरशासारखा आवडतो. इथे बाहेरच्या जमिनीवर तोच घोटीवपणा घातक. हवा मिसळलेलं कॉन्क्रीट लोखंडी थापीने दाबून घोटलं की वरच्या थरातली हवा निघून जाते, आणि त्या थराला हवेची सगळ्यात जास्त गरज असते. कॉन्क्रीटमधून सुटलेलं पाणी वर असताना फिनिशिंग करणं किंवा सोपं जावं म्हणून पाणी शिंपडणं, दोन्ही तितकंच वाईट. झाडूच्या रेघांचा फिनिश मागा, बर्फात पायही घसरत नाही. तडे ठरल्या रेषेत जावेत म्हणून कापायचे सांधे ४ इंच जाडीला ८ ते १० फुटांवर आणि किमान एक इंच खोल. घराच्या भिंतीशी कॉन्क्रीट चिकटवायचं नाही, मध्ये वेगळेपणाचा सांधा ठेवायचा. ढाळ घरापासून दूर, फुटाला पाव इंच.

तडे आणि पृष्ठभागावरचे छोटे खड्डे यांबद्दल हमीत काय लिहिलंय तेही वाचा. मिनेसोटाच्या खडीत शेल दगडाचे तुकडे असतात, ते पाणी पिऊन थंडीत फुटतात आणि रुपयाएवढे टवके उडतात. बहुतेक ठेकेदार ते हमीतून वगळतात, आणि त्यात लबाडी नाही. नको असतील तर चुनखडी किंवा ग्रॅनाइटची खडी मागता येते, पैसे जास्त पडतात.

ओतायच्या दिवशी घरी थांबा. ट्रकवाल्याकडची पावती मागून फोटो काढा. त्यावर ताकद, हवा, माल भरल्याची वेळ आणि जागेवर घातलेलं पाणी, सगळं असतं. तापमान ४० फॅरनहाइटच्या (सुमारे ४ सेल्सिअस) खाली जाण्याचा अंदाज असेल तर गरम पाण्याचा माल आणि वरून ब्लँकेट हवीत, आणि गोठलेल्या जमिनीवर ओतायचंच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला मे महिन्याची तारीख मागा. गावाकडे आपण स्लॅबवर आठ-पंधरा दिवस पाणी मारतो. इथे शरद ऋतूत तसं केलं तर चिंब कॉन्क्रीटच पहिल्या बर्फात सापडतं. त्याऐवजी क्युरिंगचं, म्हणजे आतली ओल धरून ठेवणारं, द्रव्य फवारतात. ते कोणतं आणि कधी, हे लिहून घ्या. गाडी किमान आठवडाभर बाहेर.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. आगाऊ रक्कम एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. शेवटचा चेक देण्यापूर्वी ठेकेदाराकडून आणि रेडीमिक्स कंपनीकडून हक्कसोड, म्हणजे लीन वेव्हर, हातात हवी. ठेकेदाराने मालाचे पैसे थकवले, तर तुम्ही त्याला पूर्ण रक्कम दिलेली असली तरी कंपनी तुमच्या घरावर बोजा चढवू शकते, त्यासाठी तिला शेवटचा माल पुरवल्यापासून १२० दिवस असतात. मध्येच पुरवठादाराची नोटीस टपालाने आली तर घाबरू नका, कायद्यानेच ती पाठवावी लागते. ती जपून ठेवा, कारण वेव्हर कोणाकोणाकडून घ्यायची याची यादी तीच.

पहिल्या हिवाळ्यात नव्या कॉन्क्रीटवर मीठ अजिबात टाकू नका, वाळू टाका. अमोनियम असलेली बर्फ वितळवणारी रसायनं तर कधीच नकोत. महामार्गावरून आलेल्या गाडीच्या पोटातून मीठ ठिबकतंच, तेवढं वरचेवर खरवडून बाहेर लोटायचं. भेदून आत जाणारा सीलर (पाणी रोखणारं द्रव्य) साधारण महिन्यानंतर, कोरड्या हवेत. बर्फ उपसायला माणूस लावला असेल तर डिसेंबरच्या आधी त्याला मीठ नको असं सांगून ठेवा, कारण मिठाचं पोतं त्याच्या ट्रकमध्ये असतंच आणि न विचारता तो ते उधळतो.