गायरान घसरलंय का? बुटाच्या टोकाने मोजा

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडची मुरमाड माळरानं लांबून सगळी सारखीच दिसतात. चराई, वणवा, नांगरट यांनी त्यांचं काय केलं ते गवताच्या जातीवरून कळतं.

मोजणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, गवत निसवलेलं असताना करावी. तुऱ्याशिवाय जात ओळखायला गेलं की हमखास फसगत होते. मारवेलच्या पेरावर पांढऱ्या लवेचं कडं असतं. डोंगरीचा तुरा मोकळा, सोनेरी-तपकिरी केसांचा. कुसळीची काळपट पिळदार कुसळं शेंड्याशी एकमेकांत गुंततात आणि पायजम्यात घुसतात. तीन फाट्यांचं कुसळ असलेलं बुटकं गवत म्हणजे ॲरिस्टिडा.

पाणवठा आणि जनावरांच्या वाटेपासून 50 पावलं लांब सुरुवात करा. समोरच्या झाडावर नजर ठेवून सरळ 200 पावलं चाला. दर दुसऱ्या पावलाला बुटाच्या टोकाशी काय आहे ते लिहा: गवताची जात, तण, दगड की उघडी माती. 100 नोंदी झाल्या की टक्केवारी हातात. घाणेरी आडवी आली की पाय आपोआप वळतो आणि आकडे बिघडतात, वळू नका. नोंद पात्याची नाही, बुंध्याची. पातं पावसावर पसरतं, ठोंब सावकाश बदलतो. तरी 2018 सारख्या दुष्काळी वर्षाची तुलना भरल्या पावसाच्या वर्षाशी केली तर दोष फुकटचा जनावरांवर जातो.

चराई वाढली की आधी पवन्या, डोंगरी, मारवेल विरळ होतात, कारण जनावर तेच निवडून खातं. त्यांच्या जागी मग कुसळी वाढते, पुढे ॲरिस्टिडा आणि शेवटी गुरं तोंड न लावणारा टाकळा. मात्र नुसती कुसळी माजलेली दिसली तर वणव्याची चौकशी करा. तिचं बी पीळ सुटत जमिनीत शिरतं, जाळ वरून निघून जातो. पाणी मुरवायला उताराला आडवे खणलेल्या सलग समतल चरांच्या बांधावर ठोंब उलथलेले असतात, तिथे गाजर गवत शिरतं. ती रेघ वेगळी मोजा. गिरिपुष्पाची झाडं लावलेला पट्टाही तसाच वेगळा मोजा. उन्हातलं गवत सावलीत विरळ होतं.

खात्रीसाठी 5 × 5 मीटरचा तुकडा जाळीने बंद करा. काटेरी तारेतून शेळ्या आत जातात, वाळल्या काट्या सरपणाला जातात. कडेचा अर्धा मीटर मोजू नका. दोन पावसाळ्यांत आत पवन्या फुटला आणि बाहेर नाही, तर कारण चराईच. काहीच फुटलं नाही तर बहुधा ठोंब आणि बी दोन्ही संपलेत, ते बाहेरून आणून लावावे लागतील. बंद तुकडा तसाच ठेवला तर जुन्या काडाखाली नवे फुटवे गुदमरतात, म्हणून बी गळाल्यावर, डिसेंबरात, जमिनीपासून 10 सेंटीमीटर ठेवून एकदा कापून घ्या.